प्रकरण ६ : पलीकडून बोलणारा कोण?

१. शहाणी माणसे फसतात कशी?

दूरध्वनीवरून झालेल्या एखाद्या मोठ्या फसवणुकीची बातमी वर्तमानपत्रात आली, की घरोघरी जो पहिला प्रश्न विचारला जातो तो चोराविषयी नसतो आणि पोलिसांविषयीही नसतो. तो फसलेल्या माणसाविषयी असतो. "एवढा शिकलेला माणूस, सारा जन्म व्यवहारात गेलेला, त्याला एवढेसुद्धा कसे कळले नाही?" ह्या प्रश्नात कुतूहल असते, तशीच आपण त्याच्या जागी असतो तर फसलो नसतो अशी एक अव्यक्त खात्रीही असते, आणि ही खात्री सर्वस्वी निराधार आहे, हे प्रथम सांगितल्यावाचून ह्या विषयात पुढे जाता येत नाही.

ऑगस्ट २०२४ मधील लुधियानाचे प्रकरण पाहा. वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल हे पद्मभूषण किताबाचे मानकरी. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेले. हजारो माणसांचा कारभार आयुष्यभर पाहिलेले. अशा गृहस्थांना सीबीआयचे अधिकारी म्हणवणाऱ्या तोतयांनी व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवले, सरन्यायाधीशांच्या नावाने त्यांच्यापुढे खोट्या न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली, आणि सात कोटी रुपये काढून घेतले. ह्या गृहस्थांच्या ठिकाणी बुद्धीची उणीव होती असे कोण म्हणेल? खरी गोष्ट अशी, की अशा प्रसंगी बुद्धीची परीक्षा होतच नाही. जो माणूस कायदा मानतो, सरकारी नोटिशीला मुदतीत उत्तर देतो, कोणाची बाकी ठेवीत नाही आणि अंमलदाराशी अदबीने बोलतो, त्याच्या ह्याच सद्गुणांना चोर हात घालतो. बेफिकीर माणूस असा फोन आला तर खुशाल आदळून टाकील. कर्तव्यदक्ष माणूस मात्र शेवटपर्यंत ऐकून घेईल.

मराठी वाचकाला तोतया ही काही नवी वस्तू नव्हे. १७६१ साली पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने जो इसम उभा राहिला, त्याने १७७६ साली कोकणातील किल्ले हाताशी धरून पेशवाईपुढे संकट उभे केले होते, आणि त्या प्रकरणावर न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटकही लिहिले. परंतु त्या तोतयाला निदान भाऊसाहेबांसारखे दिसावे लागले. भाऊंना ओळखणाऱ्या माणसांपुढे उभे राहावे लागले. त्याची चालचर्या पाहून साक्षी देणारे लोक हयात होते. फोनवरच्या तोतयाला कोणाच्या ओळखीचा चेहरा लागत नाही, आणि त्याच्यासमोर साक्षीदार म्हणून उभे राहणारे आपण एकटेच असतो. म्हणून त्याची पारख करण्याचे साधनही निराळे असले पाहिजे. ते कोणते, हे ह्या प्रकरणात पायरीपायरीने पाहावयाचे आहे.

२. पडद्यावर उमटलेला क्रमांक

सर्वसामान्य माणूस पहिला आधार घेतो तो मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकाचा. क्रमांक भारतातला दिसतो, त्याखाली बँकेचे किंवा पोलीस ठाण्याचे नाव उमटते, तेव्हा बोलणारा खरा असला पाहिजे, असा त्याचा तर्क असतो. हा तर्क कोठे चुकतो ते समजण्यासाठी टपालाच्या पाकिटाकडे पाहावे. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याने आपला पत्ता म्हणून जे लिहिले असेल, ते खरे आहे की नाही ह्याची खातरजमा पोस्टमन करीत नाही. मागे 'जिल्हाधिकारी कार्यालय' असे लिहिले म्हणून ते पत्र जिल्हाधिकाऱ्यांचे ठरत नाही. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये पाठवणाऱ्याचा क्रमांक हा पुष्कळ वेळा असाच हाताने लिहिलेला मजकूर असतो. परदेशातून निघालेला कॉल भारतीय क्रमांकाचा वेष घेऊन येऊ शकतो. हा प्रकार इतका माजला, की ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागाला असे कॉल सीमेवरच अडवणारी स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली. क्रमांकाबरोबर दिसणाऱ्या नावाची कथा ह्याहून वेगळी नाही. कॉल करणाऱ्याचे नाव दाखवणारी अ‍ॅप ती नावे बहुतांशी लोकांनीच भरलेल्या माहितीवरून दाखवतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पोलिसांचे बोधचिन्ह कोणीही आपल्या छायाचित्राच्या जागी लावू शकतो.

सरकारने ह्यावर काही तजवीज केली आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना असा हुकूम दिला, की खातेदाराला व्यवहारासंबंधी फोन करावयाचा तो १६०० ह्या मालिकेतल्या क्रमांकावरूनच करावा, आणि जाहिरातीचा करावयाचा तो १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून. ही खूण उपयोगाची आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून "मी बँकेतून बोलतोय" असे कोणी म्हणाला, तर संशय घ्यावयास ती पुरेशी आहे. परंतु केवळ अशी एखादी खूण जुळली म्हणून विश्वास ठेवावा, एवढे बळ तिच्यात नाही.

मग विश्वास कशावर ठेवावा? माझे मत असे, की सगळी भिस्त एकाच प्रश्नावर ठेवावी : मी ज्याच्याशी बोलतो आहे, त्याचा क्रमांक मला कोणी दिला? बँकेच्या कार्डामागे छापलेला, पासबुकावर असलेला, वीजबिलाच्या कागदावरचा क्रमांक मी स्वतः पाहून फिरवला असेल, तर संभाषणाची सूत्रे माझ्याकडे आहेत. समोरच्याने फोन केला असेल, किंवा त्याने पाठवलेल्या संदेशातला क्रमांक मी फिरवला असेल, तर ती त्याच्याकडे आहेत. ह्याकरिता फोन ठेवणे आणि खऱ्या क्रमांकावर आपण होऊन फोन करणे, ह्यासारखा उपाय नाही. खऱ्या अधिकाऱ्याची त्याला कधीच हरकत नसते. "फोन ठेवू नका, लाइन कट करू नका" असे जो म्हणतो, त्याने आपली ओळख स्वतःच्या तोंडाने सांगितलेली असते.

३. संगणकाच्या पडद्यावरचे भय

आता अशा फसवणुकीकडे वळू, की जिच्यात फोन चोर करीत नाही, फसणारा माणूसच करतो. घरच्या संगणकावर कोणी पाककृती शोधत असतो किंवा जुने गाणे ऐकत असतो, आणि एकाएकी सारा पडदा लाल किंवा निळा होतो, भोंगा वाजू लागतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या नावाने मजकूर झळकतो : तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, तुमचे बँकेचे तपशील चोरीला जात आहेत, संगणक बंद करू नका, खालील क्रमांकावर तत्काळ फोन करा. माउस हलवला तरी खिडकी बंद होत नाही.

हे जे दिसते ते संगणकाच्या आत घडत नसून ब्राउझरमध्ये उघडलेल्या एका वेबपानावर घडत असते. ते पान पूर्ण पडदाभर पसरावे आणि बंद करण्याची खूण झाकली जावी, एवढीच त्यातली करामत. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी; तेवढ्याने न भागल्यास कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ह्या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर बंद करावा; तेही न जमले तर संगणकाची वीज बंद करावी. त्याने काही बिघडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो, हे कंपनीने पुनःपुन्हा जाहीर केले आहे. म्हणजे क्रमांक दिसणे हाच लबाडीचा पुरावा समजावा.

परंतु घाबरलेला माणूस फोन करतो. पलीकडून अत्यंत सौम्य स्वरात एक 'तंत्रज्ञ' बोलू लागतो आणि त्याला एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर ह्यांपैकी एखादे साधन उतरवून घ्यावयास सांगतो. ही साधने स्वतः लबाड नाहीत. कार्यालयातील संगणक विभाग दूर बसून दुरुस्ती करतो तो अशाच साधनांनी. त्यांचे काम एवढेच, की एका संगणकाचा पडदा, कळफलक आणि माउस दुसऱ्या माणसाच्या हाती द्यावयाचे. त्यासाठी पडद्यावर आकड्यांचा एक संकेत येतो; तो आपण वाचून दाखवला की आपल्या संगणकावर त्या माणसाचा अंमल सुरू झाला.

ह्यानंतर जे प्रयोग होतात ते समजून घेण्याजोगे आहेत, कारण त्यांत एकही गोष्ट खोटी दाखवावी लागत नाही. खऱ्या गोष्टीचा खोटा अर्थ सांगितला जातो. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचे एक रोजनाम्याचे दप्तर असते. संगणकात घडलेल्या बारीकसारीक गोष्टी त्यात आपोआप नोंदल्या जातात, आणि ठणठणीत संगणकातही 'एरर' व 'वॉर्निंग' अशा शिक्क्याच्या शेकडो नोंदी सापडतात. तंत्रज्ञ ते दप्तर उघडून त्या लाल-पिवळ्या खुणा दाखवतो आणि म्हणतो, "हे सारे व्हायरस." दुसरा प्रयोग ह्याहून चलाख आहे. एका आज्ञेने तो पडद्यावर ८८८ ने सुरू होणारा एक लांबलचक संकेत आणतो आणि म्हणतो, "हा तुमच्या संगणकाचा खास परवाना क्रमांक. मी माझ्या दप्तरातून वाचतो, तुम्ही ताडून पाहा." तो एकेक अक्षर वाचतो, आणि प्रत्येक अक्षर जुळते! फसणाऱ्याची उरलीसुरली शंका येथे मावळते. वस्तुतः तो संकेत फाइल दाबून लहान करण्याच्या एका किरकोळ सोयीचा आहे, आणि जगातल्या प्रत्येक विंडोज संगणकावर तो तोच असतो.

मग 'दुरुस्ती'चे पैसे घेतले जातात. काही टोळ्या तेथेही थांबत नाहीत. काही महिन्यांनी तीच माणसे "आमची कंपनी बंद होते आहे, तुमचे ४०० डॉलर परत करावयाचे आहेत" म्हणून फोन करतात. पुन्हा संगणक हाती घेतात, खातेदाराला बँकेचे पान उघडावयास लावतात, आणि पडदा काळा करून त्याच्याच मुदतीच्या किंवा बचतीच्या रकमेतून ४,००० डॉलर त्याच्याच चालू खात्यात वळवतात; किंवा नुसता पानावर दिसणारा आकडा बदलतात. पडदा उजळतो तेव्हा खात्यात ४,००० जमा दिसतात. "माझ्या हातून एक शून्य जास्त पडले," तो रडवेल्या सुरात सांगतो, "३,६०० परत करा, नाहीतर माझी नोकरी जाईल." भला माणूस ३,६०० पाठवतो. बाहेरून एक डॉलरही आलेला नसतो. गेले ते सगळे त्याचे स्वतःचे. भीती आणि लोभ ह्यांनी माणूस फसतो असे आपण म्हणतो. येथे तो करुणेने फसलेला असतो, आणि हे मला ह्या सबंध व्यवसायातील सर्वांत निर्घृण अंग वाटते.

४. मीरा रोड, ऑक्टोबर २०१६

फोनच्या पलीकडे बसलेले हे लोक कोण? ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा टोळ्यांविरुद्ध दावे दाखल केले, तेव्हा त्यांपैकी बहुतेकींची मुळे भारतात असल्याचे उघड झाले होते. महाराष्ट्राला ह्याची खरी ओळख पटली ती चार वर्षांनी. ऑक्टोबर २०१६ च्या आरंभी ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले, सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतले आणि त्यांपैकी ७० जणांना अटक केली. तेथून अमेरिकेतील लोकांना तेथल्या कर खात्याच्या नावाने फोन जात : तुमची कराची बाकी आहे, अर्ध्या तासात पोलीस दारात येतील, सुटका हवी असेल तर दुकानात जाऊन गिफ्ट कार्डे घ्या आणि त्यांवरील अंक वाचून दाखवा. त्याच महिन्याच्या २७ तारखेला अमेरिकेच्या न्याय खात्याने ५६ व्यक्ती आणि ५ कॉल सेंटरे ह्यांच्यावर आरोपपत्र जाहीर केले, त्यात अहमदाबाद हे केंद्रस्थान होते. नव्याने तेथे गेलेल्या परदेशी कुटुंबांना देशाबाहेर काढण्याची धमकी देण्याचाही आरोप त्यात होता. आपल्याकडून शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे गेलेली मुले ह्याच वर्गात मोडतात, हे विसरता येत नाही.

गिफ्ट कार्डच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. बँकेतून गेलेल्या पैशाला नावगाव असते, तो अडवता येतो. कार्डावरचे अंक एकदा उच्चारले की क्षणात वापरले जातात आणि मागे कोणाचे नाव राहत नाही. जगातले कोणतेही सरकार गिफ्ट कार्डांनी करवसुली करीत नाही.

५. वीज, केवायसी आणि क्यूआर कोड

आपल्या घरी येणारे प्रकार ह्यांचीच लहान भावंडे आहेत, म्हणून त्यांचा थोडक्यात परामर्श घेऊ. "मागील महिन्याचे बिल अपडेट झाले नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडण्यात येईल, अमुक अधिकाऱ्याला फोन करा," असा संदेश कोणाच्या तरी खासगी मोबाइलवरून येतो. महावितरण असे संदेश खासगी क्रमांकावरून पाठवीत नाही, आणि बिल भरले की नाही हे आपल्या ग्राहक क्रमांकावरून तिच्याच संकेतस्थळावर दिसते. केवायसीच्या नावाने येणाऱ्या फोनमध्ये मोबाइलवर पडदा दाखवणारे अ‍ॅप उतरवून घेतले जाते. त्यानंतर ओटीपी कोणाला 'सांगावा' लागत नाही, चोर तो आपल्याच पडद्यावर वाचतो. "मी ओटीपी दिलाच नव्हता" असे जे फसलेले लोक शपथेवर सांगतात, ते पुष्कळदा खरेच बोलत असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचे चलन म्हणून येणारी, शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असलेली फाइल ही पत्रिका नसून अ‍ॅप असते. ती उघडू नये.

जुने कपाट ८,००० रुपयांना विकावयास काढले आणि गिऱ्हाइकाने क्यूआर कोड पाठवून सांगितले, "हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील." यूपीआयचा पिन म्हणजे आपल्या सहीचा हुकूमनामा आहे, तो पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. येथे पिन टाकला, तर ८,००० येणार नाहीत, जातील.

कस्टमर केअरचा क्रमांक इंटरनेटवर शोधणे हा आणखी एक सापळा. तेथे चोरांनी पेरलेले क्रमांक असतात, आणि आपण फोन केला म्हणून आपण निर्धास्त असतो. क्रमांक कोणी दिला, हा दुसऱ्या भागातला प्रश्न येथे पुन्हा लावून पाहावा. बँकांची संकेतस्थळे आता रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने 'डॉट बँक डॉट इन' ह्या शेवटाखाली आणण्यात आली आहेत. पत्ता तेथेच संपतो की नाही, हे पाहून मगच आतला क्रमांक घ्यावा.

६. घरबसल्या अटक

ज्याला 'डिजिटल अटक' म्हणतात, त्याचा आरंभ बहुधा क्षुल्लक असतो. तुमच्या नावाने परदेशी पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधार कार्डावर घेतलेल्या सिमवरून गुन्हा घडला, असे एक जण सांगतो आणि फोन 'मुंबई पोलिसां'कडे जोडून देतो. मग व्हिडिओवर गणवेशातला माणूस, मागे बोधचिन्ह, हाती शिक्क्यांचे वॉरंट. कॅमेरा बंद करावयाचा नाही, खोलीबाहेर जावयाचे नाही, मुलाबाळांना सांगावयाचे नाही, कारण प्रकरण 'गोपनीय' आहे. अखेरीस सर्व ठेवी मोडून 'तपासणी'साठी एका खात्यात भरावयाच्या. निर्दोष ठरलात की परत.

ह्या नाटकाचा पाया कायद्याच्या एका कलमानेच ढासळतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३ व्या कलमाप्रमाणे अटक करणारा अधिकारी त्या व्यक्तीच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करतो किंवा ते अडवून ठेवतो. ती व्यक्ती शब्दाने वा कृतीने स्वतःहून स्वाधीन झाली तरच ह्याची गरज राहत नाही. कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणे ही अटक आपल्या कायद्याला ठाऊकच नाही. हजर राहण्याची पोलीस नोटीससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. आणि निर्दोषत्व ठरवण्यासाठी आरोपीने आपली रक्कम कोणा खात्यात भरून दाखवावी, अशी तरतूद कोणत्याही न्यायालयात नाही.

परंतु भीतीच्या त्या तासांत कलमे आठवतील असे नव्हे. आठवावे ते एवढेच, की गुप्ततेचा आग्रह चोराला का हवा असतो. त्याचे सारे सामर्थ्य माणूस एकटा असण्यात आहे, शेजारच्या खोलीतल्या सुनेने किंवा बँकेच्या खिडकीवरल्या कारकुनाने "काका, काय झालं? एवढी ठेव का मोडताय?" असे विचारले, की पुष्कळदा मायेचा तो महाल तेथल्या तेथे कोसळतो. म्हणून घरात वृद्ध माणसे असतील तर त्यांना "तुम्हाला काही कळत नाही" असे कधीही म्हणू नये. ज्याला घरात हसे होण्याचे भय आहे, तो परक्याच्या धाकात अधिक काळ राहतो.

७. पैसे गेले, तर

पैसे गेल्याचे ध्यानात येताच पहिला फोन १९३० ह्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करावा, त्याबरोबरच बँकेला कळवावे, आणि केंद्रीय गृह खात्याच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर फिर्याद नोंदवावी. येथे तासांना नव्हे, मिनिटांना किंमत आहे. चोर आपल्या खात्यात पैसे घेत नाही. कमिशनच्या आशेने खाते भाड्याने देणाऱ्या लोकांच्या खात्यांतून तो ते एकामागून एक फिरवतो आणि शेवटी रोख काढतो. १९३० ची यंत्रणा बँकांशी जोडलेली असल्यामुळे साखळीच्या ज्या कडीपर्यंत रक्कम पोहोचली असेल तेथे ती गोठवता येते, पण बाहेर पडल्यावर नाही. ओसवाल ह्यांच्या प्रकरणात तक्रार झाल्यावर सातांपैकी सव्वापाच कोटी रुपये पोलिसांच्या हाती लागले.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक खातेदाराने माहीत करून घ्यावे असे आहे. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, अशा व्यवहाराची सूचना बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत दिली, तर खातेदारावर काहीही भार पडत नाही. चार ते सात दिवस लागले, तर मर्यादित पडतो. त्याने स्वतः पिन वा ओटीपी दिला असेल, तर सूचना देईपर्यंतचे नुकसान त्याचे. परंतु सूचना दिल्यानंतर पुढे जे जाईल, त्याची जबाबदारी बँकेची. म्हणजे चूक आपली असली तरीही लगोलग कळवण्यात आपलाच फायदा आहे, आणि लाजेने दोन दिवस गप्प बसण्यात चोराचा.

संगणक किंवा मोबाइल परक्याच्या हाती गेला असेल, तर त्याचे इंटरनेट आधी तोडावे, ते अ‍ॅप काढून टाकावे, आणि पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या, निर्धोक उपकरणावरून. तक्रारीचा पोचक्रमांक, व्यवहाराचे संदेश, चोराचे क्रमांक हा सारा दस्तऐवज जपून ठेवावा; गोठवलेली रक्कम परत मिळवण्यासाठी पुढे न्यायालयात अर्ज करताना तो लागतो. आणि काही आठवड्यांनी "आम्ही सायबर विभागातून बोलतोय, तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी एवढी फी भरा" असा फोन आला, तर तोही चोरच समजावा, कारण फसलेल्या माणसांच्या याद्या ह्या धंद्यात विकल्या जातात. खऱ्या पोलीस ठाण्यात तपासाची फी घेतली जात नाही. आपल्या पोचक्रमांकासह तेथे समक्ष जाऊन चौकशी करावी.